डेब्डेन ते बर्लिन: एका विमानतळाचा पेट्रोलचा हिशेब

२६ सप्टेंबर १९४२. ब्रिटिश हवाई दलाच्या १३३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची बारा स्पिटफायर विमानं फ्रान्समधल्या मॉर्लेवर जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना सोबत करायला निघाली. बहुतेक वैमानिक अमेरिकन होते. खाली ढगांचा जाड थर होता आणि वर उत्तरेचा वारा अंदाजापेक्षा कितीतरी जोराचा होता. ढगांमुळे जमीन दिसेना, त्यामुळे आपण किती दक्षिणेला ढकलले गेलोय हे कुणालाच कळलं नाही. परतताना 'आलं इंग्लंड' असं समजून ते ढगांखाली उतरले, तर खाली ब्रेस्ट बंदर आणि जर्मन विमानविरोधी तोफा! टाक्या जवळजवळ कोरड्या झाल्या होत्या. अकरा विमानं फ्रान्समध्येच गेली, बारावं कसंबसं इंग्लंडपर्यंत येऊन कोसळलं. ताफ्याचा ब्रिटिश प्रमुख गॉर्डन ब्रेटेल कैद झाला. १९४४ मध्ये छावणीतून पळालेल्या ज्या ५० जणांना गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ठार केलं, त्यांत तोही होता.

वारा जाताना मदत करतो आणि येताना अडवतो, म्हणजे फिटंफाट होत असेल, असं सहज वाटतं. तसं होत नाही. समजा, विमानाचा वेग ताशी ४८० किलोमीटर आणि वारा १६०. जाताना जमिनीच्या हिशेबाने ६४०चा वेग मिळतो, येताना ३२०चा. म्हणजे तेवढ्याच अंतराला दुप्पट वेळ, आणि इंजिन तर मिनिटाच्या हिशेबाने पेट्रोल पितं.

हे स्क्वाड्रन इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या डेब्डेन तळाच्या परिघातलं, ग्रेट सॅम्पफर्ड या उपतळावरचं. १९३७ साली सुरू झालेल्या डेब्डेनने १९४० मध्ये जर्मन बॉम्ब झेलले होते. अमेरिका युद्धात उतरण्याआधीच तिथले काही तरुण ब्रिटिश हवाई दलात भरती झाले. तटस्थतेच्या कायद्यामुळे नागरिकत्व जायची भीती असूनही ते आले. त्यांची तीन 'ईगल' स्क्वाड्रन्स झाली: ७१, १२१ आणि १३३. मॉर्लेच्या दुर्घटनेनंतर तीनच दिवसांनी, २९ सप्टेंबरला, डेब्डेनवर ही तिन्ही स्क्वाड्रन्स अमेरिकी हवाई दलात सामील झाली आणि चौथा फायटर ग्रुप उभा राहिला. स्पिटफायर तीच, फक्त ब्रिटिश वर्तुळांच्या जागी अमेरिकी तारा आला. वैमानिकांना अमेरिकी गणवेशावर ब्रिटिश 'विंग्ज' लावायची मुभा होती आणि ती त्यांनी हौसेने वापरली.

स्पिटफायर त्यांची लाडकी. पण तिच्या पोटात जेमतेम ३८५ लिटर पेट्रोल मावायचं. लंडनवर चालून आलेल्यांना हाकलायला ते पुरे, जर्मनीपर्यंत जायला नाही. १९४३च्या सुरुवातीला आलं पी-४७ थंडरबोल्ट. पेट्रोल साडेअकराशे लिटर, इंजिनाच्या सिलिंडरांची एकूण क्षमता ४६ लिटर, वजन स्पिटफायरच्या जवळपास दुप्पट. वैमानिकांनी नाकं मुरडली. ग्रुपमधला नामवंत वैमानिक डॉन ब्लेकस्ली याने त्यावर पहिलं जर्मन विमान पाडलं ते सूर मारून. सूर मारायला हे चांगलं असणारच, वर तर चढत नाही, अशा अर्थाचा शेरा त्याने मारल्याचं सांगतात.

एवढं पेट्रोल असूनही बर्लिन लांबच होतं. म्हणून पोटाखाली जादा टाकी टांगायची, ती रिकामी झाली की सोडून द्यायची. २८ जुलै १९४३ ला अशाच टाक्या लावून डेब्डेनची थंडरबोल्ट जर्मनीच्या हद्दीत शिरली. यात एक गोम होती. साडेपाच किलोमीटर उंचीवर हवेचा दाब निम्मा होतो आणि साध्या टाकीतून पंपाला पेट्रोल ओढणं जमेनासं होतं. त्यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. घूर्णदर्शी (जायरोस्कोपची, म्हणजे फिरत्या चाकाच्या आधारे विमानाचा कल आणि दिशा दाखवणारी) उपकरणं चालवण्यासाठी विमानात निर्वात पंप असायचाच. त्यातून बाहेर पडणारी, आजवर वाया जाणारी हवा टाकीत सोडून तिथला दाब वाढवला. पुढे ब्रिटनमध्ये या टाक्या चक्क कागदाच्या, सरस आणि रंगाचे थर देऊन बनवल्या गेल्या. पेट्रोल फार तास राहिलं तर त्या आतून सुटू लागायच्या, म्हणून उड्डाणाच्या जरा आधीच भरायच्या. धातू वाचायचा आणि खाली पडलेल्या टाकीतून शत्रूच्या हाती काही लागायचं नाही.

फेब्रुवारी १९४४ मध्ये पी-५१ मस्टँग आलं. यात आतलं पेट्रोल थंडरबोल्टपेक्षा कमी, हजार लिटरच्या आसपास, आणि तरी पल्ला जास्त! कारण मर्लिन इंजिन २७ लिटरचं आणि पंखांच्या छेदाचा आकार असा की हवेचा अडथळा कमी. पहिल्या मोहिमेवर निघालेल्या काहींचा या विमानावर तासाभराचाही सराव नव्हता. ब्लेकस्लीला घाईच तेवढी होती.

मस्टँगच्या आसनामागे सुमारे ३२० लिटरची एक टाकी होती. ती भरलेली असताना विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरकायचा. स्कूटरच्या मागे गव्हाचं पोतं बांधल्यावर वळणावर हँडल जसं हलकं लागतं, तशी गत. वैमानिकाने हातातली दांडी ओढली की विमान आपणहून आणखी आत वळायला बघायचं. म्हणून आधी ही टाकी बरीचशी संपवायची, मग पंखांखालच्या. शत्रू दिसला की पंखांखालच्या टाक्या टाकून द्यायच्या, म्हणजे घरी पोचायचं ते पोटातल्या पेट्रोलवरच. किती लांब जाता येईल हे बाहेरच्या टाक्यांपेक्षा आतल्या शिल्लकेवर ठरायचं. या हिशेबाने मार्च १९४४ मध्ये डेब्डेनची विमानं सुमारे ९०० किलोमीटरवरच्या बर्लिनवर पोचली.

नियम सगळेच पाळत होते असं मात्र नाही. १३ एप्रिल १९४४ ला डॉन जेंटाइल हा गाजलेला वैमानिक पत्रकारांच्या कॅमेऱ्यांसमोरून इतक्या खालून गेला की त्याचं 'शांग्री-ला' हे विमान तळावरच आपटलं. तो वाचला, पण ब्लेकस्लीने त्याला घरी पाठवलं.

२१ जून १९४४ ला ब्लेकस्ली ताफा घेऊन बॉम्बफेकी विमानांसोबत जर्मनीवरून थेट युक्रेनमधल्या पिर्यातिनला गेला. एका माणसाचं विमान, मांडीवर नकाशे, पायही लांब करता येत नाहीत, अशा बैठकीत साधारण साडेसात तास. वाट न चुकता तो ठरल्या वेळी उतरला. त्याच रात्री जर्मनांनी युक्रेनमधल्याच पोल्टाव्हा तळावर उभी असलेली चाळीसहून अधिक बॉम्बफेकी विमानं जमिनीवरच नष्ट केली.

१९४५ मध्ये अमेरिकन गेले आणि डेब्डेन पुन्हा ब्रिटिश हवाई दलाकडे आलं. १९७५ पासून तिथे लष्कराची छावणी आहे. न फुटलेले बॉम्ब निकामी करणाऱ्या तुकड्यांचा मुक्कामही पुढे तिथेच पडला.