‘द्वारे’ की ‘सह’: पवित्र त्रैक्य नात्यांत कसे उतरले

पवित्र त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र (येशू) आणि पवित्र आत्मा या तिघांत एकच देव, ही ख्रिस्ती शिकवण. तिच्यावरून झालेला हा वाद एका शब्दयोगी अव्ययाचा होता. इ.स. ३७४ च्या सुमारास सिझेरियात (आजचे तुर्कस्तानातील कायसेरी) बिशप संत बेसिल लोकांसोबत प्रार्थना करत होते. स्तुतिवचन त्यांनी दोन तऱ्हांनी म्हटले. पित्याला गौरव, एकदा ‘पुत्राद्वारे, पवित्र आत्म्यात’ आणि एकदा ‘पुत्रासह, पवित्र आत्म्यासह’. ही दोन रूपे एकमेकांशी जुळत नाहीत, अशी काहींनी हरकत घेतली. नुसते ‘द्वारे’ म्हटले की उतरंड लावायला वाव मिळतो: वर पिता, खाली पुत्र, त्याच्या खाली आत्मा. ‘सह’ म्हटले की तिघे एका पंगतीत. बेसिल यांनी उत्तरादाखल पुस्तकच लिहिले. दोन्ही रूपे चालतात, पण ‘सह’ गाळू देणार नाही, असा त्यांचा सूर.

खरे तर हे भांडण जुनेच. ३२५ साली निकाया येथील बिशपांच्या परिषदेने पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा असल्याचे ठरवले होते, तरी पन्नास वर्षे धुसफुस चालू राहिली. तिघे वेगळे कशाने, आणि एक कशाने? बेसिल यांचे मित्र, नाझियान्झसचे संत ग्रेगरी यांनी दिलेले उत्तर मला सगळ्यात सरळ वाटते: ‘पिता’ हे तत्त्वाचे नाव नाही, कृतीचेही नाही, ते नात्याचे नाव आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. मामा, आत्या, जाऊ हे शब्द दुसऱ्या माणसाशिवाय उभेच राहत नाहीत. क्रूसाची खूण करताना आपण पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या ‘नावाने’ म्हणतो. तिघे, आणि नाव एकवचनी.

देवच नात्यात असेल तर एकट्याने पवित्र होता येईल का? बेसिल यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमांत एकांतवास पत्करणाऱ्याला विचारले आहे: एकटाच राहिलास तर पाय कोणाचे धुशील? ३६९ च्या सुमारास कॅपाडोशियात, म्हणजे सिझेरियाच्या प्रांतात, दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी धान्यवाल्या श्रीमंतांना खडसावून अन्नछत्र चालवले. पुढे शहराबाहेर आजारी, कुष्ठरोगी आणि वाटसरू यांच्यासाठी मोठी वसाहत उभी केली. तिला त्यांच्याच नावावरून बेसिलियाद म्हणत.

एवढे असूनही घरची नाती सुरळीत होती असे मुळीच नाही. बेसिल आणि घरातलेच एक वडीलधारे बिशप यांचे फाटले, तेव्हा धाकटे बंधू, निस्साचे संत ग्रेगरी यांनी समेटासाठी त्या वडीलधाऱ्यांच्या नावाने खोटे पत्र रचले. बनाव उघडा पडला आणि बेसिल यांनी भावाची चांगलीच कानउघाडणी केली. ३७२ मध्ये सम्राटाने प्रांत दुभागला, तेव्हा आपली बाजू राखण्यासाठी बेसिल यांनी नाझियान्झसच्या ग्रेगरींना सासिमा नावाच्या धुळकट, पाण्याविना कोरड्या नाक्यावर बिशप केले. ग्रेगरी तिथे टिकले नाहीत, आणि मैत्रीला जो तडा गेला तो नीट सांधलाच नाही. त्रैक्यावर इतके नेमके लिहिणारी माणसे ही अशी होती. मला ती त्यामुळे जवळची वाटतात.

३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने आत्म्याचीही ‘पित्या-पुत्रासह’ आराधना होते असे म्हटले, तेव्हा ‘सह’ टिकले. बाराव्या शतकात पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातले रिचर्ड म्हणाले की दोघांचे प्रेम तिसऱ्याला सामावून घेते तेव्हाच पुरे होते. तिघे एकमेकांत राहतात हे सांगायला ग्रीक परंपरेत ‘पेरिखोरेसिस’ हा शब्द रुळला. त्याचा अर्थ हल्ली ‘नृत्य’ असा सर्रास सांगितला जातो; दिसायला सुंदर, पण व्युत्पत्ती चुकीची. मूळ धातू जागा करून देण्याचा. विरार लोकलमध्ये तीन जण बसलेल्या बाकाशी कोणी येऊन ‘जरा सरका’ म्हणते, त्याच्या जवळचा. पंधराव्या शतकातले रशियन चित्रकार आंद्रेई रुब्ल्योव्ह यांच्या त्रैक्याच्या प्रतिमेतही मेजाभोवती तीन देवदूत आहेत, आणि पाहणाऱ्याच्या बाजूची जागा रिकामी.

१३३४ मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी त्रैक्याचा रविवार साऱ्या पाश्चात्त्य चर्चसाठी लागू केला. पण सण आला तरी शिकवण हळूहळू धर्मशिक्षणाच्या पुस्तकात जाऊन बसली. जर्मन येशूसंघीय कार्ल राह्नर यांनी विसाव्या शतकात बोचरे निरीक्षण नोंदवले: ही शिकवण उद्या खोटी ठरली, तरी बहुतेक धार्मिक साहित्य जवळजवळ जसेच्या तसे राहील. त्यानंतर कॅथरीन लाकुग्ना यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती पुन्हा घर, जेवणाचे मेज, शेजार यांच्याकडे वळवली.

बेसिल ३७९ च्या आसपास वारले. नाझियान्झसच्या ग्रेगरींनी नंतर त्यांच्यावर लांबलचक गौरवपर भाषण केले. त्यात बेसिलियादची तोंडभर स्तुती आहे, आम्ही दोन देहांत एक जीव होतो असेही आहे, आणि सासिमाची तक्रारही आहे. रोमन दिनदर्शिकेत दोघांचे सण वेगवेगळे होते, ग्रेगरींचा ९ मे आणि बेसिल यांचा १४ जून. १९६९ च्या सुधारणेपासून तो एकच आहे, २ जानेवारीला.