पेट्रोलही शिळं होतं: मशीन ठेवून देण्याआधी हे वाचा

ग्रास कटर, फवारणी पंप, जनरेटर, चेन सॉ, पाणी उपसायचं इंजिन. आमच्याकडे यातलं काहीही दुरुस्तीला आलं की ग्राहक बहुतेक वेळा एकच सांगतात, "ठेवताना एकदम चांगलं चालत होतं हो." त्यांचं म्हणणं खरं असतं. मशीन चालताना बिघडलेलंच नसतं. ते कोपऱ्यात उभं असताना टाकीत राहिलेल्या पेट्रोलने बिघडवलेलं असतं.

होतं काय?

पेट्रोल हे अनेक घटकांचं मिश्रण. त्यातले हलके घटक सगळ्यात आधी उडून जातात, आणि थंड इंजिन पेटायला नेमके तेच लागतात. मागे उरतं त्याच्यावर हवेतल्या ऑक्सिजनचा परिणाम होत राहतो आणि हळूहळू त्यात डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. टाकीत तो पटकन दिसत नाही. कार्बोरेटरच्या (इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) वाटीत मात्र पेट्रोल जेमतेम दोन-चार चमचे असतं. ते आटलं की तळाला पिवळट-तपकिरी थर बसतो. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक नळी. इंजिन हळू चालताना लागणाऱ्या स्लो जेटचं भोक बऱ्याच लहान इंजिनांत अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. ते बुजायला कितीसा डिंक लागणार?

"मग माझ्या कारला हा त्रास का होत नाही?" असं पुष्कळ जण विचारतात. कारची इंधन-यंत्रणा बंदिस्त असते आणि तिच्यातलं पेट्रोल सतत बदलत राहतं. लहान मशीनच्या टाकीला हवा घ्यायला भोक असतं आणि ते मशीन महिनोन्‌महिने हलतही नाही.

पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर आणखी एक भानगड होते. इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेतं. 10 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मिसळून राहू शकतं. त्याहून जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, पेट्रोल वर राहतं. इंजिनाला इंधन जातं ते टाकीच्या तळातूनच! ॲल्युमिनियमच्या वाटीत पांढरी पूड दिसली, तर हे पाणी तिथे पोचलं असं समजा.

ओळखायचं कसं?

ताजं पेट्रोल स्वच्छ असतं, त्याचा वास झणकन येतो. शिळं गडद दिसतं आणि त्याला जुन्या वॉर्निशसारखा आंबूस वास येतो. इंजिन चोकवर (हवा कमी करून पेट्रोल जास्त घेत) चालतं पण चोक काढला की बंद पडतं, किंवा आवाज सारखा वर-खाली होतो, तर आधी प्लग बदलायला धावू नका. जेटमधून पेट्रोल कमी येत असण्याची शक्यता जास्त.

ठेवून देताना

महिनाभर मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करा. मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. एवढ्यावर थांबू नका: वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोलही काढा, कारण नुकसान करतं ते हेच. चेन सॉसारख्या मशीनला वाटी नसते, डायफ्रॅम (लवचिक पडदा) असतो. तिथे टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं की झालं.

टाकी रिकामी करणं जमत नसेल तर स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं द्रावण, मिळतो. तो ताज्या पेट्रोलमध्येच घालायचा आणि नंतर इंजिन दहा मिनिटं चालवायचं, म्हणजे तो कार्बोरेटरपर्यंत पोचतो. शिळं झालेलं पेट्रोल त्याने ताजं होत नाही, कृपया त्यावर पैसे घालवू नका.

टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं पेट्रोल महिन्याच्या कामापुरतंच बनवा. 50:1 प्रमाण असेल तर एका लिटरला 20 मिली ऑइल, 25:1 असेल तर 40 मिली. कॅनवर तारीख लिहा. वर सांगितल्याप्रमाणे पाणी-इथेनॉल वेगळं झालं तर खालच्या थरात ऑइल जवळपास नसतंच, आणि तसं इंजिन चाललं तर पिस्टन जाम होतो. या चुकीची दुरुस्ती सगळ्यात महागात पडते.

काढलेलं पेट्रोल

हे काम उघड्यावर, इंजिन पूर्ण गार झाल्यावर आणि प्लगची कॅप काढून करा. जवळपास विडी-सिगारेट, शेगडी नको. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीच ठेवू नका; घरात लहान मुलं असतात. गटारात किंवा मातीत ओतू नका. घातक कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्या.

जेट स्वतः साफ करणार असाल तर

सुई किंवा तार घालू नका. जेट पितळेचा, मऊ असतो. भोक किंचित मोठं झालं तरी इंजिन जास्त पेट्रोल ओढतं आणि मग जेटच बदलावा लागतो. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब वापरा.

आमच्याकडे मशीन आणाल तेव्हा टाकी रिकामी करूनच आणा. पण काढताना पेट्रोलचा रंग आणि वास बघून ठेवा, आणि शेवटचं पेट्रोल केव्हा भरलं होतं ते आठवून सांगा. एवढं कळलं तरी मशीन न खोलता आम्हाला निम्मं निदान करता येतं.