जुन्या कॅटामरान-ट्रायमरानचे प्लॅन कुणाकडं असतात : थोडी पार्श्वभूमी

नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, शिडाची बोट चालवायची असं डोक्यात घेतलेले काही जण आपल्याकडं आहेत, आणि त्यातले बहुतेक फिरून फिरून एकाच जागी येऊन अडकतात. बोट घरी बांधता यावी, स्वस्तात व्हावी, दोन किंवा तीन हलची असावी (हल म्हणजे पाण्यात तरंगणारं बोटीचं अंग, दोन असली की कॅटामरान, तीन असली की ट्रायमरान), म्हणजे मग १९६०-७० मधला एखादा जुना प्लॅन बरा पडेल, आणि नेमका तोच प्लॅन काही केल्या सापडत नाही. का सापडत नाही याला इतिहास आहे, आणि तो माहीत असला की निदान पत्र कुणाला लिहायचं ते तरी कळतं.

आधी दोन-तीन हल कशाला ते सांगतो, नाहीतर गावाकडचे म्हणतील एक नीट करा आधी. जायकवाडीचं पाणी पसरट आहे, भरलं की साधारण ३५० चौरस किलोमीटर, पण उन्हाळ्यात मागं सरकतं आणि गाळ उघडा पडतो. अशा ठिकाणी खाली शिशाची किंवा लोखंडाची जड कील, म्हणजे तोल राखणारं तळाचं वजन, लोंबकळणारी बोट रुतून बसणार. मल्टीहल, म्हणजे दोन-तीन हलची बोट, तोल सांभाळते ती रुंदीवर, वजनावर नाही, म्हणून तिला कीलचं ओझं लागत नाही आणि फूट-दोन फूट पाण्यात पण निभतं. कोकणात होडीच्या बाजूला उलांडी, म्हणजे तरंगणारं लाकूड, लावतात त्यामागं हेच गणित आहे. आपल्याकडं मात्र फुगवट्याच्या गावांत थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेला जाणारी लेकरं पेपरात आली होती, आणि ज्या पैठणवरून सातवाहनांनी राज्य केलं त्यांच्याच एका राजाच्या, यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे, आता काय बोलायचं.

तर इतिहास. पश्चिमेकडं या बोटींना सुरुवातीपासून कुणी घरात घेतलंच नाही. १८७६ मध्ये नॅथॅनिएल हेरेशॉफ नावाच्या अमेरिकन माणसानं अमॅरिलिस नावाची दोन हलची बोट न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली, तिनं सगळ्यांना मागं टाकलं, आणि मग लोकांनी तक्रार करून तिला बादच केलं. हेरेशॉफ पुढं एक हलच्या बोटींचा फार मोठा डिझायनर झाला, त्याची ड्रॉइंग अमेरिकेत एमआयटीच्या संग्रहात नीट जपून ठेवलेली आहेत. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या मंडळींच्या वाट्याला असं फार क्वचित आलं.

खरी गोष्ट सुरू होते दुसऱ्या महायुद्धानंतर. हवाईत १९४७ मध्ये वूडी ब्राउन, अल्फ्रेड कुमालाए आणि रूडी चॉय यांनी मनू काई नावाची कॅटामरान बांधली, पॉलिनेशियन लोकांची जुनी पद्धत आणि विमानाच्या कारागिरीतली हलकी बांधणी एकत्र करून. इंग्लंडमध्ये कॅन्व्हे आयलंडवर प्राउट बंधूंनी १९५० च्या दशकात शिअरवॉटर नावाची कॅटामरान काढली. १९५५ मध्ये डॉ. जॉन मॉरवूड यांनी अमॅच्युअर यॉट रिसर्च सोसायटी सुरू केली, म्हणजे हौशी लोकांनी आपापले प्रयोग एकमेकांना लिहून कळवायचे, छोट्या पुस्तिका छापायच्या. जुनं काही शोधायचं असेल तर या पुस्तिका मला सगळ्यात कामाच्या वाटतात, त्यात पूर्ण प्लॅन नसतो पण कोण कुठं काय करत होतं त्याचा पत्ता लागतो.

आणि मग दोन माणसं, ज्यांच्यामुळं प्लॅन विकणं हा धंदाच तयार झाला. एक जेम्स व्हॅरम, मँचेस्टरचा, जन्म १९२८. साडेतेवीस फुटांची तांगारोआ नावाची कॅटामरान स्वतः बांधून १९५५ मध्ये तो दोन जर्मन मुलींबरोबर, रूथ आणि युट्टा, इंग्लंडहून निघाला आणि अटलांटिक ओलांडून त्रिनिदादला पोचला. तिथंच त्यांनी ४० फुटांची रोंगो बांधली, मदतीला बर्नार्ड म्वातेसिए हा फ्रेंच दर्यावर्दी होता, आणि १९५९ मध्ये त्याच बोटीतून उत्तर अटलांटिक उलटा, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेला पार केला, मल्टीहलनं असं पहिल्यांदाच झालं होतं. दुसरा आर्थर पायव्हर, कॅलिफोर्नियाचा. त्यानं प्लायवूडच्या तीन हलच्या बोटी काढल्या, ३० फुटी निम्बल, ३५ फुटी लोडस्टार, ४० फुटी व्हिक्ट्रेस, आणि १९६० मध्ये निम्बलमधून अटलांटिक ओलांडून दाखवला. त्याचं म्हणणं सरळ होतं, साधा माणूस अंगणात, सुताराच्या हत्यारांनी, समुद्रात जाणारी बोट बांधू शकतो.

मोठी बोटयार्डं या दोघांच्या नादी लागली नाहीत, आणि इथंच सगळ्याची मेख आहे. यार्ड बोट बांधत नाही म्हणल्यावर विकायला उरतो तो कागद. त्यामुळं डिझायनर स्वतःच ट्रेसिंगवर ड्रॉइंग काढणार, त्याची नक्कल म्हणून अमोनिया प्रिंट काढणार, नळकांड्यात घालून पोस्टानं पाठवणार, आणि बांधणाऱ्याच्या शंकांना उत्तरंही तोच लिहिणार. कंपनी नाही, शाखा नाही, बऱ्याचदा घरातलीच एक खोली आणि घरचीच माणसं. व्हॅरमनं आयुष्यात दहा हजारांच्या वर प्लॅन विकले असं सांगतात आणि तो बऱ्यापैकी व्यवस्थित धंदा होता, पण त्याच काळात असे कितीतरी डिझायनर होते ज्यांचा अख्खा व्यवहार एका कपाटात मावत होता.

मग माणसं गेली की कपाटाचं काय होतं? ऑस्ट्रेलियाचा हेडली निकल १९६६ मध्ये स्वतःच्याच ट्रायमरानवरून समुद्रात नाहीसा झाला. पायव्हर १९६८ मध्ये, ओस्टार या अटलांटिक एकट्यानं ओलांडायच्या शर्यतीसाठी पात्रतेची एकट्यानं करायची सफर करताना, २५ फुटी उसनी ट्रायमरान घेऊन निघाला तो परत आला नाही. त्याच वर्षी एकट्यानं न थांबता जगाला फेरी मारायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत त्याच्या व्हिक्ट्रेस डिझाइनच्या दोन बोटी उतरल्या, एक नायजेल टेटलीची, ती मे १९६९ मध्ये शेवटच्या टप्प्यात मोडून बुडाली, दुसरी डोनाल्ड क्रोहर्स्टची बदल केलेली टीनमाउथ इलेक्ट्रॉन, ती जुलैमध्ये रिकामी सापडली. क्रोहर्स्टच्या प्रकरणात दोष बोटीपेक्षा माणसाच्या अडचणींचा जास्त होता असं माझं मत, पण लोकांच्या मनात ट्रायमरान म्हणजे धोका हे बसलं ते बसलंच. एवढ्या बोटी विकलेल्या माणसाचे प्लॅन आज सुटे-सुटे, कुणाच्या तरी माळ्यावर, एखादं पान गायब, असे सापडतात त्याचं कारण हे, मागं सांभाळणारी संस्था नव्हती आणि नाव पण जरा बदनाम झालेलं.

ज्यांच्या मागं कुणी उभं राहिलं त्यांचं चित्र वेगळं आहे. जिम ब्राउन पायव्हरच्याच संगतीत शिकला, त्याच्या बोटींच्या खोडी ओळखून त्यानं सीरनर मालिका काढली, २५, ३१, ३४, ३७, ४० फुटांची, मध्ये कॉकपिट (सुकाणू धरून बसायची जागा) आणि मध्येच सेंटरबोर्ड (बोट बाजूला सरकू नये म्हणून खाली सोडायची, वर ओढता येणारी फळी), आणि जॉन मार्पल्स यांनी त्या प्लॅनचं काम पुढं चालवलं. ब्राउननं म्हातारपणी आउटरिग नावाचा उद्योग करून जुन्या लोकांच्या आठवणी गोळा केल्या, त्या ऐकण्यासारख्या आहेत. ऑस्ट्रेलियाचा लॉक क्रोथर १९९३ मध्ये गेला, मुलानं काम हातात घेतलं. व्हॅरम डिसेंबर २०२१ मध्ये गेला पण हॅनेके बून कितीतरी वर्षं त्याच्याबरोबर डिझाइन करत होती, त्यामुळं कॉर्नवॉलमधलं ऑफिस चालू राहिलं. डिक न्यूइक, ज्याच्या मॉक्सीवर फिल वेल्डनं ६५ व्या वर्षी १९८० ची ओस्टार जिंकली, तो २०१३ मध्ये गेला. घडीच्या ट्रायमरान करणारा इयन फॅरियर २०१७ मध्ये. म्हणून प्लॅन शोधायला निघालात की बोटीचं नाव शोधत बसण्याआधी डिझायनर हयात आहे का, नसेल तर हक्क कुणाकडं गेला हे बघा. सातबाऱ्यावर वारसाची नोंद लागल्याशिवाय जमिनीचा व्यवहार पुढं सरकत नाही, तसंच इथं.

यावर आमच्या ओळखीतला एक इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणला, काका, नेटवर स्कॅन पडलेत की, वारस कशाला हुडकायलात? दोन गोष्टी आहेत बाबा. पहिली कायद्याची. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्लॅन आणि ड्रॉइंग पण येतं आणि हक्क राहतो डिझायनर गेल्यानंतर ६० वर्षं, म्हणजे आपल्या हिशोबानं १९६८ मध्ये गेलेल्या पायव्हरचं पण २०२८ संपेपर्यंत, व्हॅरमचं तर तुमच्या नातवंडांनी बघायचं. शिवाय प्लॅनची किंमत म्हणजे सहसा एक बोट बांधायची परवानगी. दुसऱ्याकडून जुना सेट विकत घेतला म्हणजे परवानगी आपोआप आली असं नसतं. तो सेट न वापरलेला असेल तर विचारून बघावं, थोडी फी घेऊन नावावर करून देणारे असतात, नाही म्हणणारे पण असतात, आणि नाही म्हणलं तर वाद घालू नये.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, ती जिवाची. जुना प्लॅन जसाच्या तसा बांधणं बरोबर असेलच असं नाही. १९६० च्या प्लॅनमध्ये प्लायवूड, रेझॉर्सिनॉल गोंद, खिळे आणि वरून पॉलिस्टर रेझिनमध्ये फायबरग्लास असं लिहिलेलं असतं, आणि पॉलिस्टर लाकडाला धड धरत नाही, काही वर्षांनी सुटतं, आत पाणी शिरतं आणि प्लाय सडतो. नंतर अमेरिकेत गूजन बंधूंनी लाकडावर इपॉक्सी, म्हणजे लाकडाला घट्ट धरणारं रेझिन, वापरायची पद्धत बसवली, १९७० मध्ये त्यांची अडाजिओ नावाची ट्रायमरान पाण्यात उतरली, आणि सगळा खेळच बदलला. व्हॅरमची १९८० च्या दशकातली टिकी मालिका प्लायच्या शीट शिवून वरून इपॉक्सीनं जोडायची पद्धत वापरते, त्याच्याच आधीच्या हिना, ताने, नराई या डिझाइनपेक्षा बांधायला फार सोपी. मधल्या काळात डिझायनरनं कुठं हल जोडणारा आडवा बीम जाड केला, कुठं जोड बदलला ते सुधारित पानावर असतं किंवा त्याच्या डोक्यात असतं, स्कॅनमध्ये नाही.

आणि स्कॅनवर पट्टी ठेवून माप घ्यायचा मोह तर आवराच. अमोनिया प्रिंट उन्हात उडतो, कागद दमट हवेत फुगतो, झेरॉक्स आडवा-उभा सारखा येत नाही. माप घ्यायचं ते लिहिलेल्या आकड्यावरून आणि ऑफसेटच्या तक्त्यावरून, म्हणजे हलचा आकार ठरवणाऱ्या मापांच्या यादीवरून. तिथं २-३-५ असं दिसलं तर त्याचा अर्थ २ फूट ३ इंच आणि वर इंचाचे ५ अष्टमांश. आपल्याकडं मेट्रिकवाल्या पोरांना हे कुणी सांगितलेलं नसतं, ते दशांश समजून मोकळे होतात.

डिझायनरशी बोलायची पण एक रीत आहे. हे लोक बहुतेक वयस्कर, आयुष्यभर त्याच त्याच प्रश्नांची फुकट उत्तरं लिहून दमलेले. पूर्वी आपल्याकडून परदेशी प्लॅन मागवायचा म्हणजे परकीय चलनाचे नियम, बँक, मनीऑर्डर काही चालत नाही, महिनेच्या महिने जायचे, आता पीडीएफ आणि कार्डावर काम होतं म्हणून लोक मेल पण तसाच टाकतात, एक ओळ, नाव नाही गाव नाही, प्लॅन पाठवा. असं नको. आधी त्यांचा स्टडी प्लॅन विकत घ्या, तो स्वस्त असतो आणि त्यात बोट कळते. मग लिहा की पाणी कुठलं, किती खोल, वारा कसा, किती माणसं, कुठला प्लाय मिळतो, बांधायला जागा किती. आणि पहिल्याच पत्रात २१ फुटाची २६ करता येईल का, वर पत्र्याची केबिन बसवू का, इंजिन मोठं टाकू का हे विचारायचं नाही. आपल्याला थोडं अ‍ॅडजस्ट करून घ्यायची सवय आहे, घराच्या नकाशात चालून जातं ते, पण मल्टीहलला वजन वाढलं की वेग जातो आणि मधल्या डेकच्या पोटावर लाटा आपटायला लागतात. जुन्या ट्रायमरानची बदनामी झाली त्यात बांधणाऱ्यांनी वाढवलेल्या वजनाचा वाटा मोठा होता.

वजनावरनं आठवलं, आपल्या दुकानात किचनसाठी जो ७१० प्लाय (आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय) मिळतो तो पाण्याला टिकतो, पण बहुतेक गर्जन लाकडाचा असतो आणि जड. परदेशी प्लॅनमध्ये जो ओकुमे नावाच्या हलक्या लाकडाचा प्लाय धरलेला असतो त्याची ६ एमएमची ८ बाय ४ शीट ८ किलोच्या आसपास भरते, गर्जनची १२-१३. छोट्या बोटीत पण हा फरक शीटमागं शीट वाढत जातो. नाथसागरासाठी मला विचाराल तर पायव्हर-बियव्हरच्या मागं न लागता व्हॅरमची हितिया १७ किंवा टिकी २१ बघा, सेंटरबोर्ड नाही, उथळ पाण्यात काठाला लावता येते, आणि मुख्य म्हणजे उत्तर द्यायला माणूस आहे. जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, वनखात्याची आणि पाटबंधारे खात्याची परवानगी लागणार ते वेगळंच प्रकरण. मेल टाकायच्या आधी दुकानात जाऊन एक शीट काट्यावर ठेवा आणि भरलेलं वजन त्यात लिहा, म्हणजे तिकडून पहिलंच उत्तर नेमकं येईल, हा प्लाय चालेल की एखाद्या ठिकाणी पातळ शीट वापरायची ते.