डब्यातलं जुनं जर्मन नाणं: सरकारी की नोटगेल्ड?

घरातल्या कुणीतरी जमवलेल्या परदेशी नाण्यांच्या डब्यात १९१५ ते १९२३ ची राखाडी, हलकी, गंजलेली जर्मन नाणी निघाली की लोक सरसकट "हे नोटगेल्ड" म्हणून मोकळे होतात, आणि तिथेच गफलत होते, कारण त्याच काळात सरकारी नाणीसुद्धा तितकीच गरीब दिसणारी निघत होती. (यातला नोट म्हणजे कागदी नोट नव्हे हां. जर्मनमधे नोट म्हणजे नड, गेल्ड म्हणजे पैसा. नडीला काढलेला पैसा.)

झालं असं की १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर लोकांनी चांदीची नाणी दाबून ठेवली आणि तांबं, निकेल दारूगोळ्याला लागायला लागलं. म्हणून सरकारने लोखंडी ५ फेनिग (१०० फेनिगचा १ मार्क; हे १९१५ पासून) आणि १० फेनिग, मग जस्ताचे १० फेनिग, अ‍ॅल्युमिनियमचा १ फेनिग अशी नाणी काढली. तरी सुट्ट्या पैशांची चणचण काही संपेना, तेव्हा गावोगावच्या नगरपालिका, जिल्हे, कारखाने यांनी स्वतःची नाणी पाडली. नोटगेल्ड म्हणजे ही.

त्यामुळे धातू आणि साल बघून काही कळत नाही, दोन्हीकडे सारखंच असतं. लोहचुंबक लावून लोखंड की जस्त एवढं समजेल बस. बघायचं ते काढणाऱ्याचं नाव. सरकारी नाण्यावर 'डॉइचेस राइश' म्हणजे जर्मन राज्य असं असतं. नोटगेल्डवर गावाचं नाव असतं, बऱ्याचदा आधी 'श्टाट' म्हणजे शहर किंवा 'क्राइस' म्हणजे जिल्हा, शिवाय 'क्रीग्सगेल्ड' म्हणजे युद्धाचा पैसा, नाहीतर 'सुट्ट्या पैशांऐवजी' अशा अर्थाचा लांबलचक जर्मन शब्द. बॉन शहराच्या १९२० च्या नाण्यावर तर बीथोवन आहे, तो तिथलाच ना! आणि नाणं चौकोनी किंवा अष्टकोनी असेल तर सरकारी असायची शक्यताच सोडा, या काळातली सरकारी सगळी गोल.

टाकसाळीचं अक्षर (ए म्हणजे बर्लिन, डी म्युनिक, जे हॅम्बर्ग वगैरे) बघा असं सगळे सांगतात, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका, कारण जस्ताच्या सरकारी १० फेनिगवर बहुतेक वेळा अक्षरच नसतं आणि लोक ते नोटगेल्ड समजून बाजूला काढतात.

आता खरी मजा १९२३ ची. महागाई इतकी की सरकारने अ‍ॅल्युमिनियमची २०० आणि ५०० मार्कची नाणी काढली, सरकारी नाण्यात तेवढीच मजल. त्यामुळे डब्यात १०,००० मार्क किंवा ५ कोटी मार्कचं नाणं दिसलं तर ते सरकारी नाही, बहुधा वेस्टफालिया प्रांताचं असेल, एका बाजूला फॉम श्टाइन नावाच्या जुन्या मंत्र्याचं डोकं आणि दुसरीकडे उधळलेला घोडा. त्यांचं १ बिलियनचंही आहे, आणि जर्मन बिलियन म्हणजे आपले एक लाख कोटी! तो आकडा बघून हुरळू नका, कारण नोव्हेंबर १९२३ मधे नवा रेंटनमार्क आला तेव्हा एक लाख कोटी कागदी मार्कांना फक्त १ रेंटनमार्क मिळत होता.

आणि तपकिरी, मातीच्या टाइलसारखं नाणं निघालं तर ते बटण समजून फेकू नका प्लीज. माइसनच्या प्रसिद्ध पोर्सेलिन कारखान्याने साक्सनीसाठी १९२१ ला अशी नाणी केली होती, त्यावर कारखान्याची, एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारींची खूण बारीक बघितली की सापडते. ती धातूच्या नाण्यांत ठेवू नका, कडा उडतात.

शेवटचं, चिंच-मीठ लावून घासू नका. आपल्याकडे तांब्याच्या भांड्यांची सवय असते म्हणून हात तिकडे वळतोच, पण जस्त आंबटाने खाल्लं जातं आणि लोखंड ओलं राहिलं की आठवड्यात लाल होतं. कोरड्या मऊ कापडाने पुसा, एकेक वेगळ्या कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर गावाचं नाव लिहा.