ब्लोअर मोटर (मोटारगाडीतील)

मोटारगाडीच्या डॅशबोर्डखालील हवेचा पंखा फिरवणारी 12 व्होल्टची विद्युत मोटर. हीटरला वेगळी आणि एसीला वेगळी अशी मोटर नसते. एकच पंखा हवा ढकलतो. ती इंजिनाच्या गरम पाण्याच्या जाळीवरून गेली तर ऊब मिळते, कूलिंग कॉइलवरून गेली तर गारवा. पंखा डब्यासारखा गोल असून त्याच्या कडेला उभी, अरुंद पाती ओळीने बसवलेली असतात. आपल्याकडच्या गाड्यांत तो बहुधा डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो.

नागपुरात 23 मे 2013 रोजी 47.9 अंश तापमान नोंदले गेले आणि 29 डिसेंबर 2018 रोजी 3.5 अंश. थंडीत पहाटे काचेवर धरलेली वाफ उडवायलाही हाच पंखा लागतो. मात्र मोटरची खरी झीज होते ती मार्च ते जूनमध्ये. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) भर दुपारी गाडी काढणारा माणूस ब्लोअर शेवटच्या नंबरावरून खाली आणत नाही.

गारवा कमी झाला की बहुतेक जण आधी गॅस भरून घेतात. पैसे वाया जातात ते इथेच. डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीसमोर हात धरून पाहावा: हवा जोरात येते पण गार नाही, तर दोष एसीत, हवाच मंद आहे, तर दोष हवेच्या वाटेत. त्या वाटेत पहिला अडथळा केबिन फिल्टरचा, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणाऱ्या घडीदार फिल्टरचा. कडुनिंबाखाली गाडी लावणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीनंतर तो काढून पाहावा: घड्यांमध्ये वाळकी पाने, सावरीचा कापूस, रस्त्याची राखाडी धूळ आणि कधी उंदराने कुरतडून केलेले घरटे. फिल्टर चोंदला की कॉइलवर बर्फ धरतो आणि उरलीसुरली हवाही अडते. थोडा वेळ एसी बंद ठेवल्यावर हवा पुन्हा जोरात येऊ लागली, तर कॉइल गोठत होती असे समजावे. अशा गाडीची मोटर बदलून काहीच साधत नाही.

ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरावर चालतो आणि खालच्या नंबरांवर गप्प बसतो, ही तक्रार फार नेहमीची. येथे मोटर बहुधा निर्दोष असते. खालच्या वेगांसाठी वीज रेझिस्टरमधून (वीज कमी करणाऱ्या रोधकातून) जाते, शेवटच्या वेगाला ती त्याला वळसा घालून थेट मोटरला मिळते. म्हणून रेझिस्टर जळला तरी शेवटचा नंबर जिवंत राहतो. रेझिस्टर हवेच्या मार्गातच बसवलेला असतो, कारण त्याला थंड ठेवणारी हवा ब्लोअरचीच. हवा अडली की तोही तापून जातो. (ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत त्याऐवजी ट्रान्झिस्टरचे मॉड्यूल असते; तिथे ही खूण लागू नाही.)

ब्लोअर कोणत्याच नंबरावर चालत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (विजेवर चालणारा स्विच) पाहावा. ते ठीक असतील तर मोटरच्या कनेक्टरपर्यंत यावे. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नये, कारण गंजलेली तारही भार नसताना 12 व्होल्ट दाखवते. कनेक्टरला हेडलाइटचा बल्ब जोडून ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवावा. बल्ब लख्ख पेटला तर वीज येते आहे, मोटर मेली. मिणमिणला तर वायर किंवा अर्थिंगची तार तपासावी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटरला हलकेच ठोकल्यावर ती फिरू लागली, तर तिचे कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) घासले आहेत. ती काही दिवस चालेलही, पण उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला तशीच नेणे धोक्याचे. चिमणीसारखी चिवचिव म्हणजे बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) कोरडे. खडखड म्हणजे पंख्यात पान किंवा काडी अडकलेली.

मोटर बदलण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून काही मिनिटे थांबावे. डाव्या बाजूला एअरबॅग असेल तर तिच्या पिवळ्या तारांना हात लावू नये. ग्लोव्ह बॉक्स उतरवला की खालून मोटर दिसते. कनेक्टर आणि थोडे स्क्रू काढले की ती पंख्यासकट खाली येते. नव्या मोटरचा पंखा जुन्या पंख्याशेजारी ठेवून पात्यांचा बाक जुळवून घ्यावा. उलट दिशेने फिरणारी मोटर आवाज पुरेसा करते, हवा मात्र फार कमी देते. पोकळीत हात घालून कचरा काढावा, कडेची फोमची पट्टी जागेवर आहे ना ते पाहावे आणि ग्लोव्ह बॉक्स लावण्याआधी सगळे नंबर चालवून बघावेत.

कनेक्टरचे प्लॅस्टिक तपकिरी पडले असेल किंवा वितळले असेल, तर मोटरबरोबर तोही बदलावा. जुनी, जड झालेली मोटर जास्त वीज ओढते आणि पिना भाजून निघतात. सैल पडलेल्या त्याच पिनांवर नवी मोटर जोडली तर उष्णता पुन्हा तिथेच साठते.