डोक्यात साकळलेलं रक्त पुन्हा का वाढतं?
शस्त्रक्रियेनंतर घरी परतलेल्या ज्येष्ठांच्या कुटुंबीयांसाठी

घरपोच रुग्णसेवेसाठी आमच्याकडे येणाऱ्या काही ज्येष्ठांच्या डिस्चार्ज कार्डावर 'क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा', म्हणजे मेंदू आणि त्याच्या आवरणाच्या मध्ये हळूहळू साचलेलं रक्त, असं लिहिलेलं असतं. घरच्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: बाथरूममध्ये डोकं जरासं आपटलं, त्याला महिना झाला. तेव्हा काहीच झालं नाही, मग आता एवढं रक्त आलं कुठून?

वयानुसार मेंदू थोडा आकसतो. मेंदूपासून त्यावरच्या जाड आवरणापर्यंत, म्हणजे ड्युरापर्यंत, जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानंही फाटू शकतात. पण शिरेतून एकदाच आलेलं रक्त शरीरात जिरून जायला हवं. ते वाढत राहतं, त्यामागे दाह (इन्फ्लमेशन), म्हणजे इजेला शरीर देत असलेली प्रतिक्रिया, असतो.

ड्युराच्या सर्वांत आतल्या पेशींचा थर सैल असतो. धक्क्यानं तो उकलला की शरीर दुरुस्तीला लागतं. दाहाच्या पेशी तिथे जमतात आणि इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ अशी रसायनं सोडतात. व्हीईजीएफ नावाचं प्रथिन नव्या रक्तवाहिन्या उगवायला लावतं. दोन-तीन आठवड्यांत रक्ताभोवती एक पडदा तयार होतो. जखम भरताना खपलीखाली येणाऱ्या कोवळ्या लाल कातडीसारखा तो असतो, हात लागला की रक्त येणारा. त्यातल्या वाहिन्या कच्च्या असल्यानं झिरपतात. शिवाय गुठळी विरघळवणारी द्रव्यंही तिथे जास्त असतात, त्यामुळे रक्त नीट गोठत नाही. नव्या रक्तानं पुन्हा दाह आणि दाहानं पुन्हा झिरपणं, असं चक्र सुरू राहतं. जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिर्शो यांनी १८५७ मध्येच हा दाहाचा आजार असल्याचं मांडलं होतं. पुढे फाटलेल्या शिरेचाच विचार वरचढ ठरला. आज दोन्ही गोष्टी धरूनच हा आजार समजावला जातो.

दाहच असेल, तर स्टिरॉइडच्या गोळ्या का नाहीत? हा प्रश्न अगदी रास्त आहे. ब्रिटनमध्ये ७४८ रुग्णांवर याची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड घेतलेल्यांना पुन्हा शस्त्रक्रिया कमी लागली. पण सहा महिन्यांनी स्थिती चांगली असलेले रुग्ण त्या गटात सुमारे ८४ टक्के होते, औषध न घेतलेल्यांत ९० टक्के. दुष्परिणामही गोळी घेतलेल्यांतच जास्त दिसले. म्हणून कळकळीनं सांगतो, जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून स्टिरॉइड आणू नका.

कवटीला छिद्रं पाडून रक्त काढलं, तरी पडदा मागे उरतो. म्हणून उरलेलं रक्त बाहेर पडावं यासाठी काही दिवस नळी ठेवतात. केंब्रिजच्या २००९ च्या चाचणीत नळीमुळे पुन्हा रक्त साचण्याचं प्रमाण २४ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलं. या पडद्याला रक्त पुरवणारी मिडल मेनिंजियल धमनी आतून बंद करण्याचा उपचारही आता आहे. शस्त्रक्रियेच्या जोडीला तो केल्यास पुन्हा शस्त्रक्रियेची गरज कमी होते, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. तुमच्या रुग्णासाठी तो योग्य आहे का, हे न्यूरोसर्जनना जरूर विचारा.

घरी पहिले तीन महिने डोळ्यांत तेल घालून पाहा. डोकेदुखी वाढणं, दिवसा झापड येणं, एका पायातली चप्पल नकळत निसटणं, हातातून पेला सुटणं, बोलणं जड होणं, बाबा अचानक विसरल्यासारखे वागणं. "वय झालं, चालायचंच" म्हणून हे सोडून देण्यातच सर्वांत जास्त वेळ वाया जातो. आमच्या सिस्टर सकाळ-संध्याकाळ दोन्ही हात समोर धरायला लावून, चार पावलं चालवून नोंद ठेवतात. सिस्टर नसतील त्या दिवशी घरच्यांनीही एवढं करावं.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन असं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर ते मनानं बंद करू नका आणि मनानं सुरूही करू नका. हृदयात स्टेंट असेल, तर न्यूरोसर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांना विचारूनच ठरवा.

वरचं एकही लक्षण दिसलं, तर त्याच दिवशी सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. झापड वाढत असेल किंवा फिट आली, तर थेट १०८ ला फोन करा. जाताना जुन्या स्कॅनची फिल्म किंवा सीडी आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. रक्त वाढलंय की नाही, हे दोन स्कॅन शेजारी ठेवूनच नीट कळतं.