खांदा आखडला की कंडरा फाटली?

‘हात वर जाणा नाय’ या तक्रारीवर सिंधुदुर्गातल्या दवाखान्यांत जी चिठ्ठी मिळते, तीच रत्नागिरी-रायगडातही मिळते: फ्रोझन शोल्डर (आखडलेला खांदा), शेक, रहाटाचा व्यायाम, वेदनाशामक गोळ्या. यातल्या बऱ्याच रुग्णांचा खांदा खरोखर आखडलेला असतो. काहींचा मात्र अजिबात आखडलेला नसतो, तर खांद्याभोवतीच्या रोटेटर कफ या स्नायूगटाची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, फाटलेली असते. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. वय पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे, त्या कुशीवर झोपता येत नाही, केस विंचरता येत नाहीत. तपासणीत ‘हात वर करा, आता पाठीमागे न्या’ एवढ्यावर भागवले, तर दोन्हींत फरक कळणे शक्यच नाही.

आखडलेला खांदा वाचकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. सांध्याचे आवरण जाड होते, आकसते आणि दंडाच्या हाडाच्या गोळ्याला फिरायला जागा उरत नाही. चाळीस ते साठ हे नेहमीचे वय. मधुमेह आणि थायरॉइड असलेल्यांत हा आजार जास्त दिसतो, म्हणून अशा रुग्णाची साखर तपासल्याशिवाय त्याला सोडू नये. आधी दुखते, मग आखडते, मग हळूहळू सुटते. या सगळ्याला एक ते तीन वर्षे लागू शकतात.

रोटेटर कफमध्ये चार स्नायू आहेत: सुप्रास्पायनॅटस, इन्फ्रास्पायनॅटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. गोळा खोबणीत नीट बसवून ठेवणे आणि फिरवणे हे त्यांचे काम. वर्षानुवर्षे हात डोक्यावर ठेवून काम करणाऱ्यांत, म्हणजे झेल्याने आंबे काढणाऱ्यांत किंवा माडावर चढणाऱ्या पाडेल्यांत, या कंडरा झिजतात. शेवाळलेल्या पाखाडीवरून घसरून हातावर पडले की झिजलेली कंडरा एका क्षणात सुटते.

आता खरा फरक. विहिरीवरचा रहाट फिरत नसेल तर त्याचा कणा जाम झालेला असतो, किंवा ओढणारी दोरी तुटलेली असते. दोरी तुटली असेल तर चाक हाताने फिरते, कणा जाम असेल तर फिरत नाही. खांद्यालाही हेच विचारायचे असते: रुग्णाला हात हलवता येत नाही, की तुम्हालाही त्याचा हात हलवता येत नाही? आखडलेल्या खांद्यात स्वतः केलेली आणि दुसऱ्याने करवून घेतलेली, दोन्ही हालचाली जवळजवळ एकाच अंशावर थांबतात. कंडरा फाटली असेल तर रुग्णाचा हात समजा चाळीस अंशांवर अडला, तरी तुम्ही आधार देऊन नेलात तर पार वरपर्यंत जातो.

हे ज्यांना माहीत आहे तेही एका जागी चुकतात: ही परीक्षा ते हात वर नेऊन करतात. हात वर जाण्यात खवाट्याचा, म्हणजे पाठीवरच्या चपट्या हाडाचा, वाटा सुमारे एक तृतीयांश असतो, आणि त्यात रुग्ण धड मागे झुकवतो. त्यामुळे पूर्ण जाम सांधाही साठ-सत्तर अंश ‘उचललेला’ दिसतो आणि आखडलेपण लपते. खवाट्याच्या आधाराने अशी चोरी करता येत नाही अशी हालचाल एकच: कोपर बरगड्यांना लावून हात बाहेर फिरवणे. आकसलेल्या आवरणाचा पहिला फटकाही याच हालचालीला बसतो.

रुग्णाला उताणे झोपवा, बसवून करू नका. बसलेला रुग्ण कंबरेतून वळतो. दंड शरीरालगत, कोपराखाली घडी केलेला टॉवेल, कोपर नव्वद अंशांत, मनगट छताकडे. हा शून्य अंश. एका हाताने कोपर बरगडीशी धरा, दुसऱ्याने मनगट पकडून हात सावकाश बाहेरच्या बाजूला पाडा. पाच-सहा सेकंद घ्या. झटका दिला की स्नायू आवळतात आणि निरोगी खांदाही आखडलेला वाटतो. रुग्णाला म्हणा, ‘हाताचं वजन माझ्याकडे द्या.’ दंडाचा स्नायू चाचपा. तो सैल नसेल तर जो आकडा येईल तो खोटा. कोनमापकाचा मध्य कोपराच्या टोकावर, एक पट्टी जमिनीला लंब, दुसरी मनगटाच्या करंगळीकडच्या हाडाच्या रेषेत.

आधी चांगली बाजू मोजा. निरोगी खांदा साधारण साठ ते ऐंशी अंश फिरतो, पण माणसागणिक फरक पडतो, म्हणून पुस्तकातल्या आकड्यापेक्षा दुसऱ्या खांद्याशी तुलना महत्त्वाची. दुखऱ्या बाजूचा आकडा चांगल्या बाजूच्या निम्म्यावर किंवा त्याहून कमी आला, आणि शेवटी ताठ चामड्यासारखा अटकाव लागला, तर सांधा आखडलेला आहे. मधुमेह्यांत दोन्ही खांदे आखडलेले असू शकतात, तेव्हा ‘दोन्ही सारखेच’ म्हणजे ‘दोन्ही चांगले’ असे समजू नये. उलट दुखरा हात चांगल्यापेक्षा जास्त बाहेर फिरला, तर पुढची सबस्कॅप्युलॅरिस सुटल्याचा संशय घ्या.

अंश कमी आले म्हणून लगेच फ्रोझन शोल्डर लिहू नका. सांध्याची झीज आणि मागच्या बाजूला निखळलेला खांदाही ही हालचाल अशीच रोखतात. पंपाचा शॉक बसल्यावर किंवा फिट येऊन गेल्यावर हात बाहेर फिरेनासा झाला असेल, तर समोरून काढलेल्या एक्स-रेवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण मागे निखळलेला गोळा त्यात बऱ्याचदा नजरेतून सुटतो. काखेतून काढलेला एक्स-रे मागवा. फ्रोझन शोल्डर म्हणायचे तर एक्स-रे स्वच्छ असायला हवा.

करवून घेतलेली हालचाल पूर्ण असेल तरच ताकदीच्या परीक्षांकडे वळा. हा क्रम उलटा करणे ही सगळ्यांत चीड आणणारी सवय आहे. आखडलेल्या खांद्याचा हात खवाटा न उचलता नव्वद अंशांपर्यंत जातच नाही, तरी त्याला बळेच तिथे नेऊन ‘एम्प्टी कॅन’ (अंगठा खाली करून उचललेला हात दाबून पाहण्याची परीक्षा) ‘पॉझिटिव्ह’ लिहिले जाते. त्या नोंदीला काही अर्थ नाही. तिथे दुखतो तो सांधा, कंडरेबद्दल ती परीक्षा काहीच सांगत नाही.

फाटलेल्या कंडरेसाठी सगळ्यांत भरवशाची परीक्षा हात सुटून परत येतो का ते पाहण्याची. रुग्णाला पाठमोरे बसवा. दंड जरासा, सुमारे वीस अंश, बाजूला. कोपर नव्वद अंशांत. हात जिथपर्यंत बाहेर फिरतो तिथपर्यंत न्या, पाचेक अंश मागे घ्या आणि सांगा, ‘इथेच धरून ठेवा.’ कोपराचा आधार ठेवून मनगट सोडा. हात आत घसरला तर वरच्या-मागच्या कंडरा फाटल्या आहेत. सांधा आधीच आखडलेला असेल तर ही परीक्षा करूच नये. सबस्कॅप्युलॅरिससाठी तळहात पोटावर दाबायला सांगा. कोपर मागे गळले किंवा मनगट वाकले तर ताकद गेली आहे.

दुखण्यामुळेही जोर लागत नाही, हा इथला दुसरा चकवा. ज्याला सराव आहे त्याने खांद्याच्या छताखालच्या जागेत 1 टक्का लिग्नोकेन (बधिर करणारे औषध) 5 ते 10 मिली देऊन दहा मिनिटांनी पुन्हा तपासावे. ताकद परत आली तर दोष दुखण्याचा. वेदना गेली तरी हात घसरतोच, तर दोष कंडरेचा.

साठ ते एकशेवीस अंशांतली कळ, कटकट आवाज, रात्रीचे दुखणे, दाबल्यावर दुखणारी जागा: यांतले काहीही दोन्हींत असू शकते. त्यावर वेळ घालवू नका. एक गोष्ट मात्र फुकट मिळते आणि तरी नजरेतून सुटते. पाठ उघडी करून मागून पाहा. खवाट्यावरच्या आडव्या उंचवट्याखाली खळगा पडला असेल तर तिथला स्नायू आटला आहे, आणि आखडलेल्या खांद्यात तो सहसा इतका आटत नाही. स्त्रियांना मागून बंद होणारा सैल गाऊन द्या आणि जवळ मदतनीस बाई ठेवा. ब्लाउजच्या बाहीवरून खांदा तपासता येत नाही. मानही विसरू नका. हात बाजूला उचलणाऱ्या आणि बाहेर फिरवणाऱ्या स्नायूंबरोबर कोपर वाकवण्याचाही जोर कमी असेल, तर दोष मानेतल्या पाचव्या-सहाव्या नसेत असू शकतो.

हाताने न तपासता थेट एमआरआयला पाठवू नका. सावंतवाडीचा माणूस गोव्यातल्या बांबोळीला, लांज्याचा कोल्हापूरला धावतो आणि अहवालात ‘अर्धवट फाटलेली कंडरा’ असे छापून येते. साठीच्या पुढे अशा फाटलेल्या कंडरा काही न दुखणाऱ्या खांद्यांतही सापडतात. आखडलेल्या खांद्याच्या माणसावर मग त्या कागदाचेच उपचार सुरू होतात.

उपचार दोन्हींचे वेगळे असल्याने ही चूक रुग्णाला महागात पडते. आखडलेल्या सांध्याला सुरुवातीच्या दुखऱ्या काळात सांध्यात स्टिरॉइड आणि सोसेल तेवढाच ताण द्यावा. मधुमेह्याची साखर त्यानंतर काही दिवस चढते, हे त्याला आधीच सांगावे. फाटलेल्या कंडरेला उरलेल्या स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम लागतो, ओढाताण नाही. चाळिशीनंतर पडून किंवा खांदा निखळून, तो बसवल्यावरही हात उचलता येत नसेल, तर ‘सूज उतरू दे’ म्हणून महिने घालवू नयेत. तिथे दंडाच्या बाहेरच्या बाजूची संवेदनाही तपासा, कारण अ‍ॅक्सिलरी नस (काखेतून दंडाकडे जाणारी) दुखावली असली तरी हात उचलत नाही. कंडरेचे तुटलेले टोक मागे सरकते, स्नायूत चरबी भरते आणि नंतर शिवायला जागा उरत नाही. असा रुग्ण पहिल्या काही आठवड्यांतच शल्यचिकित्सकाकडे पोचायला हवा. आणि खांदा ‘मोकळा’ करून देतो म्हणून हात पिरगाळणाऱ्याकडे वयस्कर बाईला पाठवू नका. ठिसूळ झालेले दंडाचे हाड तिथेच मोडू शकते.

दोन्ही आजार एकत्रही असतात. कंडरा फाटून हात महिनोन्‌महिने जपला की सांधाही आखडतो. अशा वेळी आधी सांधा मोकळा करा, करवून घेतलेली हालचाल परत आली की ताकद पुन्हा मोजा. त्यासाठी पहिल्याच भेटीत ‘हालचाल कमी’ असे न लिहिता चार आकडे लिहा: ‘बाहेर फिरवणे, उजवा स्वतः 20, करवून 25, डावा स्वतः 70, करवून 75.’